चार वड्या साबणाचं अर्थशास्त्र

आमच्या स्टोअरमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धूळ निदान ऑडिटच्या आदल्या दिवशी झाडली जाते. किस्से झाडायला कोणी येत नाही, त्यामुळे ते रॅकवर पडून पडून वाढत राहतात. म्हटलं, आज थोडे तुमच्या अंगावर झाडावेत.

निमित्त असं की हल्ली जो तो मला ऐकवतो, "पवार, सामान्य माणसाला बेसिक इकॉनॉमिक्स कळलंच पाहिजे!" टीव्हीवर टाय लावलेला एक गृहस्थ रोज संध्याकाळी तेच सांगतो. मोबाईलवर तर गुड मॉर्निंगच्या फुलाखाली महागाईची कारणं येतात. मी बोईसरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर आहे. मला जे काही अर्थशास्त्र येतं ते सगळं साबणातून आलेलं आहे. हसू नका, आधी ऐका तरी.

आमच्या प्लँटमध्ये पावडर उडते. ती अंगाला चिकटते आणि घशात जाते. म्हणून कंपनी प्रत्येक परमनंट माणसाला दर महिन्याला चार वड्या साबण आणि एक किलो गूळ देते. साबण अंगासाठी, गूळ घशासाठी. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात त्या साबणाने अंघोळ करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तसं मी कोणालाच अंघोळ करताना पाहिलेलं नाही, पण मुद्दा तुमच्या लक्षात आला. तो साबण विकला जातो, बदलला जातो, उधार दिला जातो, आहेरात जातो. वाटप माझ्या हातून होतं, म्हणजे एका अर्थाने मी आमच्या कंपनीची रिझर्व्ह बँकच. फक्त मला कोणी सलाम करत नाही.

*

पहिला मान शिंदेचा. शिंदे पॅकिंगला ऑपरेटर, मूळचा सोलापूरकडचा, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतो. माणूस सोन्यासारखा, फक्त हुशारी करायला गेला की गोत्यात येतो.

झालं काय, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांत साबण वाटतात. मग लोक पिशव्या घेऊन स्टेशनजवळच्या दुकानदारांकडे जातात, आणि दुकानदार बरोबर भाव पाडतात. शिंदेने कुठूनसा मागणी-पुरवठ्याचा व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "पवार, आपण येडे आहोत. सगळे एकदम विकतात म्हणून भाव पडतो. मी आता महिनाअखेरपर्यंत थांबणार. माल संपला की भाव वर!"

बोलणं अगदी बरोबर होतं. गुपित होतं, म्हणून त्याने ते फक्त शिफ्टच्या बसमध्ये सांगितलं. बसने ते दुसऱ्या शिफ्टच्या बसला सांगितलं.

महिनाअखेर आली. शिंदे पिशवी घेऊन दुकानात गेला तर दुकानाबाहेर निम्मी कंपनी उभी, प्रत्येकाच्या हातात पिशवी! दुकानदाराने पहिल्या आठवड्यापेक्षाही कमी भाव दिला. वर म्हणाला, "ठेवायला जागा नाही, नको तर घरी न्या."

शिंदे तणतणत माझ्याकडे आला. "पवार, हा बाजार माझ्यावर डूख धरून आहे!"

मी म्हटलं, "अरे बाबा, पण तू सगळ्यांना सांगितलंस कशाला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे काय! एवढी भारी आयडिया एकट्याजवळच ठेवायची?"

*

आमच्या गेटच्या पुढे रस्त्याच्या कडेला तांडेल मावशी मासे घेऊन बसते. दातिवऱ्याहून येते. तिचा मुलगा आमच्याकडे फिटर आहे, त्यामुळे साबणाची रीत तिला ठाऊक. नडीला ती साबण घेऊन म्हावरं द्यायची. ही सोय सगळ्यात जास्त वापरली ती अकाउंट्सच्या साठेने. साठे शेअर बाजारावर बोलतो, विकासदरावर बोलतो, जगातल्या सगळ्या बँकांच्या चुका त्याला माहीत आहेत. मासे मात्र तो साबणावर घेतो.

एक दिवस साठे दोन वड्या घेऊन गेला. मावशीने मान वर न करताच सांगितलं, "साबन नाय चालाचा."

"अहो मावशी, गेल्या आठवड्यापर्यंत तर चालत होता!"

"तवा चालत व्हता. आता घरात माज्या साबनाची थप्पी लागली हाय. म्हावरा काय साबनानी धुवून इकू? गूल आन."

साठे चिडला. म्हणाला, "मावशी, हे बरोबर नाही हां! चलन असं एका दिवसात बदलता येत नाही. लोकांना मुदत द्यावी लागते, आधी कळवावं लागतं."

मावशी म्हणाली, "का? मना कोन इचारनार हाय?"

साठे तसाच परत आला, माझ्याकडे साबण देऊन गूळ मिळेल का ते विचारायला. मागे आणखी पाच-सहा जण तेच विचारायला उभे. काउंटरवर टेकून साठे म्हणाला, "पवार, एवढी वर्षं मी मौद्रिक धोरणावर वाचतोय. पण इतकं स्पष्ट कोणी लिहिलेलं नाही रे!"

*

मग आली महागाई. ती आली तेव्हा मी स्वतः ट्रकवरून उतरवून घेतली.

परचेसवाल्यांनी खर्च वाचवायचा ठरवलं. साबण तोच, कागद तोच, वास तोच, वडी मात्र लहान. मी खोका उघडला आणि मला वाटलं हॉटेलात फुकट ठेवतात तो माल चुकून आमच्याकडे आला. वाटप सुरू झाल्यावर अर्ध्या तासात युनियनचे गायकवाड मॅनेजरच्या केबिनमध्ये. गायकवाड म्हणजे आवाज असा की केबिनचं दार लावून काही उपयोग नसतो. आम्ही बाहेर उभे राहून सगळं ऐकलं.

"साहेब, ही वडी आहे का वडीचं पिल्लू?"

मॅनेजर शांत. "गायकवाड, करारात काय लिहिलंय? चार वड्या. मोजून घ्या, चारच आहेत. कंपनीने काहीही कमी केलेलं नाही."

गायकवाड म्हणाले, "बरोबर आहे साहेब. करारात आठ तासही लिहिलेत. उद्यापासून आम्हीही आठच भरणार. फक्त तास जरा लहान आणलेत."

पुढच्या महिन्यात वडी पूर्ववत झाली.

*

हा किस्सा मला सांगताना मजा येत नाही, पण सांगतो. आमच्याकडे कंत्राटी पोरं आहेत, त्यांच्यात एक रामआश्रय. पावडरची पोती तोच फोडतो. शिफ्ट सुटते तेव्हा तो पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसतो, फक्त भुवया ओळखू येतात. कंत्राटी माणसाला साबण नाही. साबण परमनंटला, आणि कोणाला वाईट वाटायला नको म्हणून एसीत बसणाऱ्या ऑफिसलाही.

तर रामआश्रय साबण विकत कोणाकडून घ्यायचा? साठेकडून! मावशीने दारं बंद केल्यापासून साठेकडे माल पडून होता. साठे पूर्ण भाव घ्यायचा, एक पैसा सोडायचा नाही. वरून एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाला, "नोट जरा झटकून देत जा रे, पावडर लागते हाताला."

रामआश्रयने नोट झटकली. मग अगदी अदबीने म्हणाला, "साहब, हाथ धो लीजिए. साबुन तो आपके पास है ही।"

साठे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, कारण मी हसलो होतो.

*

आता मुख्य माणूस. शिंदेची बायको, सुनंदा वहिनी.

पुरुषांचा सगळा साबण दुकानात जायचा असं नाही बरं का. दुकानदारांनी भाव पाडून पाडून लोकांना इतकं छळलं की निम्मे जण साबण घरी नेऊन बायकोच्या पुढ्यात टाकू लागले. "घे, तुला काय करायचं ते कर!" वहिनींनी ते वाक्य शब्दशः घेतलं. बिल्डिंगमधल्या बायकांचा साबण गोळा करायचा, मनोरकडच्या आठवडी बाजारात न्यायचा. तिथे डोंगराकडच्या पाड्यांवरून बायका वाल, नागली, तांदूळ घेऊन येतात. वहिनी साबण द्यायच्या, धान्य घ्यायच्या, धान्य बोईसरमध्ये विकायच्या, आणि ज्या बाईचा जितका साबण तितका तिचा वाटा तिच्या हातात. आमची हीसुद्धा त्यात होती. मला हे वर्षभराने कळलं, तेही घरात नवा मिक्सर आला आणि त्याचं बिल माझ्याकडे आलं नाही म्हणून.

वहिनी काही फार सरळ नाहीत. एका पावसाळ्यात त्यांनी साबणाचा साठा आणि तांदूळ एकाच खोलीत रचून ठेवले. दमट हवा. आठ दिवसांत सगळ्या तांदळाला साबणाचा लिंबाचा वास! अख्ख्या बिल्डिंगने भात खाल्ला आणि प्रत्येकाला वाटलं आपल्याच घरातलं पातेलं नीट धुतलेलं नाही. आमच्याकडे त्यावरून भांडण झालं.

दुसरा कोणी असता तर त्याने तांदूळ फेकून दिला असता. वहिनींनी उरलेल्या तांदळावर चिठ्ठी लावली, "सुगंधी, खास डोंगरातला", आणि भाव वाढवला. सगळा खपला. साठेने दोनदा नेला. वर मला सांगत होता, "पवार, चांगल्या वस्तूला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नसते."

*

अशी आमची अर्थव्यवस्था सुखाने चाललेली असताना एचआरला नवे साहेब आले. केळकर. पुण्याचे, एमबीए, फुल शर्ट, हातात सतत मार्कर. आल्या आल्या त्यांनी कँटीनमध्ये व्याख्यान लावलं, "सामान्य नागरिकासाठी अर्थशास्त्र". वेळ कोणती? जेवणाची सुट्टी!

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, संधीचा खर्च. "म्हणजे बघा, तुम्ही एक गोष्ट निवडता तेव्हा दुसरी सोडता. आता तुम्ही माझं व्याख्यान ऐकताय, तर त्यासाठी तुम्ही काय सोडलंय?"

सगळ्या कँटीनने एका सुरात उत्तर दिलं, "जेवण!"

साहेबांना फार आनंद झाला. बॅच हुशार आहे म्हणाले.

मग ते मूळ मुद्द्यावर आले. साबण आणि गूळ बंद. त्याची जेवढी किंमत होते तेवढी रोख दर महिन्याला पगारासोबत खात्यात जमा. "रोख ही वस्तूपेक्षा नेहमीच श्रेष्ठ. साबणाचा फक्त साबण होतो, रोखीचं तुम्ही काहीही करू शकता! यात कोणाचंही नुकसान नाही. पुढच्या शुक्रवारी सर्वसाधारण सभा घेऊ, हात वर करून ठराव करू."

टाळ्यांचा कडकडाट! शिंदेने तर बाक वाजवला. मीही टाळ्या वाजवल्या. खोके उचलायचे वाचले, मला आणखी काय हवं?

*

संध्याकाळी शिंदेने ही गोड बातमी घरी दिली. तळमजल्याचा आवाज आमच्या गॅलरीत स्वच्छ येतो, आणि त्या दिवशी मी गॅलरीतून हललो नाही.

वहिनी म्हणाल्या, "खात्यात म्हणजे कोणाच्या खात्यात?"

"माझ्या. पगार जातो त्याच."

"म्हणजे ते बँकेच्या हप्त्यात जाणार, पेट्रोलमध्ये जाणार, आणि तुमच्या त्या शनिवारच्या पार्टीत जाणार."

"अगं, तुला लागले तर माग ना! मी नाही म्हणतो का?"

 वहिनी बोलल्या, पण आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मागायचंच नव्हतं हो मला. एवढ्या एकाच गोष्टीसाठी मागायला लागत नव्हतं. आईला साडी घेतली, तुम्हाला विचारलं नाही. पोरीच्या क्लासची फी भरली, विचारलं नाही. या घरात माझं म्हणून येत होतं ते तेवढंच. तेही तुम्ही टाळ्या वाजवून देऊन आलात."

"अगं, पण पैसे तेवढेच आहेत! साहेबांनी गणित करून दाखवलं."

"तेवढेच आहेत ना? मग माझ्या खात्यात घाला. जा, विचारा तुमच्या साहेबांना."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मी घरात वळलो तर मागे आमची ही उभी. तिनेही सगळं ऐकलेलं. तिने जाऊन मिक्सर लावला. त्या दिवशी आमच्याकडे वाटणाची भाजी नव्हती.

*

शुक्रवारी सभा. कँटीन भरलेलं. केळकर साहेबांनी फळ्यावर एका बाजूला "साबण" लिहिलं, एका बाजूला "रोख". युनियनतर्फे गायकवाड शेजारी बसलेले. सगळं ठरलेलंच होतं, हात वर करायचे आणि चहा प्यायचा.

तेवढ्यात शिंदे उभा राहिला. घाम पुसत म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. म्हणजे माझं नाही, आमच्या हिचं म्हणणं आहे. पैसे तेवढेच असतील, तर ते बायकोच्या खात्यात घालता येतील का?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. साहेबांचे डोळे चमकले! "वा! शिंदे, वा! हे तर मला सुचायला हवं होतं! महिला सक्षमीकरण! कंपनीला काय, कुठलंही खातं चालेल. रक्कम तीच! आपण सगळ्यांचेच पैसे पत्नीच्या खात्यात जमा करू. हेड ऑफिसला फोटो पाठवू. माझी खात्री आहे, याला कोणाचाच विरोध नसणार!"

आणि त्यांनी फळ्यावर "रोख" पुढे कंसात लिहिलं, "पत्नीच्या खात्यात."

माणसं एकमेकांकडे बघेनात. दोन मिनिटांपूर्वी रोखीसाठी हात वर करायला टपून बसलेले होते, ते आता हातांनी गुडघे चोळत होते.

शेवटी गायकवाड उठले. घसा साफ केला. "साहेब, एक लक्षात घ्या. साबण ही नुसती वस्तू नाही. ती कामगारांनी लढून मिळवलेली आहे. आमच्या आधीच्या लोकांच्या संघर्षाची खूण आहे ती! ती अशी पैशात मोजता येणार नाही."

"बरोबर!" मागून आवाज आला. साठेचा! "शिवाय बँकेतल्या पैशाची किंमत महागाईने घटते. साबण घटत नाही."

तिसरा म्हणाला, त्याच्या कातडीला या साबणाची सवय झालीय, दुसरा लावला की खाज सुटते. चौथ्याला आईची आठवण आली, तिला म्हणे हाच वास आवडायचा. मीही हात वर केला आणि सांगितलं की गेली कित्येक वर्षं मी हे वाटप करतोय, त्यात माझा जीव गुंतलाय. माझं तेवढं एकच कारण होतं, दुसरं काही नाही.

केळकर साहेब चक्रावले. मार्कर हातात तसाच. "अहो, पण मला कळत नाहीये! साबण घरी नेऊन तुम्ही बायकोलाच देता ना? मग साबण तिच्याकडे गेला काय आणि तेवढेच पैसे तिच्याकडे गेले काय, फरक काय पडतो?"

शिंदेने खाली बसून घेतलं.

"साबणाच्या बाजूने हात वर," गायकवाड म्हणाले. सगळं कँटीन वर. शिंदेनेही आजूबाजूला बघून हात वर केला.

"ठराव मंजूर," असं म्हणून गायकवाड बसायला गेले आणि मध्येच थांबले. "साहेब, तुम्ही राहिलात. तुम्हीही स्टाफमध्येच येता, महिन्याला चार वड्या तुम्हालाही लागू आहेत. तुमचं काय करायचं? तुमची रोख वहिनीसाहेबांच्या खात्यात घालू या का? निदान फोटोपुरतं एक तरी नाव होईल."

केळकर साहेब फळ्याकडे वळले. डस्टर उचलला, "रोख" पुसलं, कंसातलं पण पुसलं, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "पवार, माझ्या चार वड्या केबिनमध्ये पाठवून द्या."